हात सैल सोडायचा तर जाणकारासाठी

बडोद्यातल्या मराठी घरांत सहलीचा हिशेब ठरलेल्या क्रमाने मांडला जातो. आधी तिकिटं, मग हॉटेल, मग खाणंपिणं, मग खरेदी. त्यातून काही उरलं तर तिथे गेल्यावर बोट, पॅराग्लायडिंग, जंगल सफारी, मुलांच्या हट्टापायी एखादी स्कूबाची डुबकी. गाइड या हिशेबात कुठेच नसतो. खोलीसाठी रात्रीला पाच-सहा हजार मोजणारं कुटुंब किल्ल्याच्या दारात गाइडशी दोनशे रुपयांवरून घासाघीस करतं आणि "राहू दे, मोबाइलवर वाचू" म्हणत पुढे जातं. हा क्रम उलटा हवा, असं माझं ठाम मत आहे. प्रवासात हात सैल सोडायचाच असेल तर खोलीवर, बुफेवर किंवा रांग टाळणाऱ्या महागड्या तिकिटावर सोडू नये. ज्याला ती नदी, तो डोंगर, तो दगड ठाऊक आहे, त्या माणसावर सोडावा. बाकी सगळीकडे काटकसर चालते. इथे केली तर कधी सहल वाया जाते, कधी जीव जातो.

जीव जातो हे उगाच लिहिलेलं नाही. १८ जानेवारी २०२४ रोजी आपल्याच शहरात, हरणीच्या तलावात, शाळेच्या सहलीची बोट उलटली. १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त मुलं बसवली होती आणि अनेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. त्याआधी ३० ऑक्टोबर २०२२ ला मोरबीचा झुलता पूल तुटला आणि १३५ माणसं मच्छू नदीत गेली. हरणीनंतर चारच महिन्यांनी, २५ मे २०२४ ला, राजकोटच्या गेम झोनला आग लागली, त्यात २७ जण दगावले. तिन्ही ठिकाणी लोक मजेसाठी गेले होते आणि तिन्ही ठिकाणी तिकीट विकलं गेलं होतं. त्या पैशात नेमकं काय विकत घेतलं जातंय, हे विचारणारा आणि तपासणारा माणूसच त्या साखळीत नव्हता.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. जीव गमावलेल्या या माणसांचा काडीचाही दोष नव्हता. पुलाची तार किती गंजली आहे किंवा गेम झोनला अग्निशमन दलाचा दाखला आहे की नाही, हे पोराला खांद्यावर घेऊन आलेल्या बापाने तपासायचं नसतं. ते काम सरकारचं, पालिकेचं. तिथे झालेल्या हलगर्जीपणाचा हिशेब न्यायालयात व्हायलाच हवा. माझा मुद्दा त्याच्या पुढचा आहे. जिथे निवड आपल्या हातात असते, तिथेही आपण फक्त दर विचारतो. आणि गिऱ्हाईक जर दराशिवाय काहीच विचारत नसेल, तर धंदा करणाराही दराशिवाय कशात सुधारणा करत नाही.

पॅराग्लायडिंग घ्या. हिमाचलमधलं बीर-बिलिंग आता आपल्याकडच्या तरुण मुलांच्या तोंडी असतं. २०१५ मध्ये तिथे पॅराग्लायडिंगची विश्वचषक स्पर्धा झाली. उड्डाणाची जागा सुमारे २४०० मीटर उंचीवर आहे, उतरायचं खाली बीर गावाजवळ. पुढे प्रवासी, मागे पायलट, अशी जोडीची झेप. या झेपेसाठी पैसे मोजताना आपल्याला वाटतं की आपण उडण्याचे पैसे देतोय. खरं तर त्यातला सगळ्यात मोलाचा भाग म्हणजे पायलटने वाऱ्याकडे बघून "आज नाही" म्हणणं. असा नकार देणाऱ्याचा तो दिवस बुडीत जातो. पैसे परत द्यावे लागतात, गाडीवाल्याचं भाडं अंगावर पडतं, गिऱ्हाईक चिडून शेजारच्याकडे जातं. ज्याने दर पाडून पाडून धंदा उभा केलाय, त्याला असा नकार परवडतच नाही. त्याला दिवसाला ठरलेल्या झेपा मारायच्याच असतात, वारा कसाही असो. म्हणून चांगल्या पायलटला दिलेले जादा हजार रुपये उडण्यासाठी नसतात. उडू नये तेव्हा त्याने आपल्याला जमिनीवर ठेवावं, यासाठी असतात. हिमाचलमध्ये पावसाळ्यात, १५ जुलै ते १५ सप्टेंबर, उड्डाणं बंद ठेवतात. त्या काळातही "करून देतो" म्हणणारा भेटला तर त्याच्यापासून चार हात लांब राहावं.

ऋषिकेशच्या राफ्टिंगचंही तसंच. २०१८ च्या जूनमध्ये उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने नियमावली होईपर्यंत राफ्टिंग आणि पॅराग्लायडिंग थांबवण्याचा आदेश दिला होता. तोवर इतकी वर्षं लाखो लोक त्या नदीतून गेले ते बव्हंशी गाइडच्या भरवशावर. चांगला गाइड निघण्याआधी किनाऱ्यावर वेळ घेतो. तो सांगतो, राफ्टमधून पडलात तर पाठीवर तरंगा, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे ठेवा, उभं राहायचा प्रयत्न करू नका. कारण खडकांच्या फटीत पाय अडकला की मागून येणारं पाणी उभ्या माणसाला खाली दाबतं आणि कमरेएवढ्या पाण्यातही माणूस बुडतो. हे सांगताना अर्धं टोळकं सेल्फी काढत असतं. तरीही तो पुन्हा सांगतो, हेल्मेटचे पट्टे स्वतः ओढून बघतो, सोबत सुटकेसाठी कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायची छोटी होडी, ठेवतो. हा वेळ आणि हा कयाकवाला स्वस्त पॅकेजमध्ये पहिल्यांदा कापला जातो, कारण तो फोटोत दिसत नाही.

आणि समुद्र. बडोद्यातली मराठी कुटुंबं कोकणात जातातच. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन महामंडळाने स्कूबा डायव्हिंगचं प्रशिक्षण केंद्र काढलं आहे, मालवणात डायव्हिंगच्या बोटींची रांग लागलेली असते. पाण्याखाली दहा मीटरवर दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो. श्वास रोखून वर यायचं नाही, हा तिथला पहिला नियम. वर येताना फुप्फुसातली हवा फुगते आणि रोखून धरली तर फुप्फुसाला इजा करते. हे पोहता न येणाऱ्या माणसाच्या गळी उतरवायला वेळ लागतो. आधी उथळ पाण्यात सराव, प्रकृतीचे प्रश्न, कान मोकळे करायला शिकवणं, एका पर्यटकामागे एक प्रशिक्षक. जिथे हे सगळं दहा मिनिटांत उरकतात, तिथे दर निम्मा असतो. अंदमानच्या सहलींमध्ये तर शेवटच्या दिवशी सकाळी डुबकी आणि दुपारी विमान असे कार्यक्रम आखलेले मी पाहिले आहेत. एका साध्या डुबकीनंतर निदान बारा तास आणि एकाहून अधिक डुबक्यांनंतर निदान अठरा तास विमानात बसू नये, ही डायव्हिंगमधली सर्वमान्य शिस्त आहे. ती पाळायची तर एक रात्र जास्त राहावं लागतं. त्या रात्रीचं भाडं देणं म्हणजे उधळपट्टी नाही.

रिकाम्या दिवसासाठी पैसे देणं आपल्याला सगळ्यात जड जातं. लेहचं बघा. आपलं बडोदे समुद्रसपाटीपासून जेमतेम चाळीस मीटरवर. सकाळी निघालेला माणूस विमान बदलून त्याच दिवशी साडेतीन हजार मीटरवर उतरतो, जिथे हवेचा दाब इथल्या सुमारे दोन तृतीयांश असतो. शरीराला जुळवून घ्यायला दोन दिवस विश्रांती लागते, हे प्रत्येक डॉक्टर सांगतो. पण सहलीच्या पत्रकात "विश्रांती" असं लिहिलं की लोक विचारतात, "मग त्या दिवसाचे पैसे कसले?" म्हणून आयोजक दुसऱ्याच दिवशी पाच हजार मीटरच्या वरच्या खिंडीत नेतात. आजीआजोबांना डोकेदुखी, उलट्या, प्राणवायूचं नळकांडं, आणि घरी आल्यावर "लडाख काही मानवलं नाही आम्हाला". मानवलं असतं. दोन दिवस घाई केली एवढंच.

आता दुसरी बाजू, जिथे जिवाला धोका नसतो. इथला तोटा कुणाच्या लक्षातही येत नाही, म्हणून मला तो जास्त खुपतो.

आपल्यापासून शंभरेक किलोमीटरच्या आत बालासिनोरजवळ रैयोली आहे. १९८१ मध्ये भूवैज्ञानिकांना तिथे डायनासोरची हाडं आणि अंडी सापडली. तिथल्याच हाडांवरून २००३ मध्ये एका मांसभक्षक डायनासोरचं नाव जगाच्या यादीत गेलं, राजासॉरस नर्मदेन्सिस. २०१९ मध्ये तिथे संग्रहालय उघडलं. शाळांच्या बस येतात, मुलं संग्रहालयातल्या पुतळ्यांसमोर फोटो काढतात आणि बाहेरच्या माळावर कंटाळतात. कारण माळावर तर दगडच दिसतात! जाणणारा माणूस सोबत असेल तर तो खाली वाकतो, खडकातली गोल रेघ बोटाने दाखवतो आणि म्हणतो, हे अंड्याचं कवच आहे, साडेसहा कोटी वर्षांहून जुनं, हात लावून बघ. बालासिनोरच्या बाबी घराण्यातल्या आलिया सुलताना बाबी यांनी वर्षानुवर्षं हे काम केलं, पाहुण्यांना माळावर घेऊन गेल्या, हा ठेवा जपण्यासाठी बोलत राहिल्या. असं कुणी सोबत नसेल तर तिथलं तिकीट आणि बसभाडं वाया गेलं असं समजावं.

चांपानेर तर त्याहून जवळ, पन्नास किलोमीटर. रविवारी आपण पावागडला जातो, रोप वेच्या रांगेत उभं राहतो, कालिकामातेचं दर्शन घेतो, खाली उतरून घरी. पायथ्याशी पसरलेलं आख्खं शहर गाडीच्या खिडकीतून निघून जातं. २००४ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. १४८४ मध्ये महमूद बेगड्याने पावागड घेतला आणि खाली नवी राजधानी वसवली. पन्नास वर्षांनी, १५३५ मध्ये, हुमायूनची स्वारी आली आणि शहर हळूहळू ओस पडलं. ओस पडलं म्हणूनच ते त्या काळासारखं टिकलं, त्यावर पुढच्या पिढ्यांनी घरं बांधली नाहीत. जामी मशिदीच्या नक्षीत देवळांची नक्षी करणाऱ्या कारागिरांचा हात कसा ओळखायचा, डोंगरावरून येणारं पावसाचं पाणी कुठे अडवलं आणि कुठल्या टाक्यांत साठवलं, गोल फिरत उतरणाऱ्या विहिरीच्या पायऱ्या अशा का बांधल्या, हे दाखवायला तिथे माणूस लागतो. मोबाइलवर सन-सनावळ्या मिळतात. आपण ज्या खांबासमोर उभे आहोत त्याच्याकडे कुठून बघायचं, ते मोबाइल सांगत नाही.

शहरात तरी वेगळं काय आहे? रावपुऱ्यातला तांबेकर वाडा, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा. भिंतीभर चित्रं, कृष्णलीलेपासून इंग्रज-मराठा लढायांपर्यंत. मराठी माणसाने बडोद्यात काय पाहावं असं कुणी विचारलं तर मी राजवाड्याआधी हा वाडा सांगेन. कीर्तिमंदिरात नंदलाल बोस यांची गंगावतरण, मीरा अशी भित्तिचित्रं आहेत. शांतिनिकेतनहून आलेल्या त्या चित्रकाराने आपल्या गावात जे करून ठेवलं ते बघायला लोक लांबून येतात, आणि दांडिया बाजारात जन्म गेलेल्या कितीतरी घरांनी ते पाहिलेलं नाही. कुणी समजावून देणारा नाही म्हणून जाववत नाही, आणि कुणी जात नाही म्हणून समजावून देणाराही तिथे पोट भरू शकत नाही.

याला लोक उत्तर देतात ते मला माहीत आहे. गाइड खोटं बोलतात. प्रत्येक किल्ल्यात त्यांचं एक भुयार असतं आणि ते थेट दिल्लीला निघतं. शेवटी ते आपल्याला साडीच्या किंवा संगमरवराच्या दुकानात नेऊन बसवतात. हे खरं आहे, पुष्कळ ठिकाणी असं होतं. पण ते का होतं, याचा विचार करावा. आपण गाइडला दोन तासांचे दोनशे रुपये देतो, त्यावर त्याचं घर चालत नाही, मग दुकानदाराचं कमिशन हाच त्याचा पगार होतो. आणि भुयाराच्या गोष्टीवर लोक टाळ्या वाजवतात, शिलालेखावर जांभया देतात. जो गाइड वाचून, विचारून, अभ्यास करून बोलतो, त्याला वेगळा दर मिळालाच नाही तर त्याने अभ्यास का करावा? व्याघ्र प्रकल्पांत वेगळं घडलं आहे. तिथे जीपमध्ये गाइड घ्यावाच लागतो, तो बहुतेक आसपासच्या गावचा असतो, त्याचा दर ठरलेला असतो. सांबराचा इशारा ऐकून गाडी थांबवायला लावणारी, वाघ दिसला नाही तरी तीन तास पक्षी, झाडं, ठसे वाचून दाखवणारी माणसं त्या व्यवस्थेतून तयार झाली. कच्छच्या छोट्या रणातही ज्याला रण पाठ आहे असा गाडीवान घेऊन जावं. वाट नसलेल्या सपाट जमिनीवर ओल कुठे आहे आणि रानगाढवांचे कळप सकाळी कोणत्या बाजूला चरतात, हे त्यालाच माहीत असतं.

दुसरं उत्तर अधिक प्रामाणिक आहे: आमच्याकडे एवढे पैसे नाहीत. ज्यांच्या घरी वर्षातून एक सहल कशीबशी होते, त्यांना मी खर्च वाढवा असं सांगणार नाही. साधी खोली घ्या, एसटीने जा, डबा न्या, आणि वाचलेले पैसे तिथल्या जाणत्या माणसाला द्या, एवढंच सांगेन. स्वस्त म्हणजे वाईट असंही नाही. यूथ हॉस्टेलच्या हिमालयातल्या मोहिमा आणि महाराष्ट्रातल्या गिर्यारोहण संस्थांचे ट्रेक कमी पैशांत होतात, कारण तिथे अनुभवी माणसं आपला वेळ फुकट देतात. तिथे जाणकार असतोच, त्याची किंमत मात्र कुणीतरी दुसऱ्याने चुकवलेली असते. धंदेवाईक दर पाडणाऱ्याकडे असा कुणी नसतो.

गिरनारला दत्तदर्शनाला जाणारी आपली मंडळी डोलीवाल्याशी भाव करतात तेव्हा मला फार वाईट वाटतं. दहा हजारांच्या आसपास पायऱ्या, खांद्यावर माणूस, आणि आपण पाचशे रुपये कमी करायला बघतो. रोप वे २०२० मध्ये झाला, तो अंबाजीपर्यंत जातो, त्यापुढे पाय किंवा डोली. ज्याला देणं शक्य आहे त्याने तिथे भाव करू नये.

प्रवासात जाणकाराची किंमत ओळखण्याची बडोद्याला खरं तर जुनी सवय आहे. सयाजीराव महाराज युरोप-अमेरिकेत फिरले तेव्हा तिथल्या गोष्टी बघून थांबले नाहीत, त्या ज्यांना येतात ती माणसं त्यांनी पैसे मोजून इथे आणली. अमेरिकेतली सार्वजनिक ग्रंथालयं पाहिली आणि विल्यम बॉर्डन यांना १९१० मध्ये बडोद्यात बोलावून गावोगावच्या ग्रंथालयांची व्यवस्था उभी केली. राजवाड्याच्या बागा आखायला लंडनच्या क्यू उद्यानात तयार झालेले विल्यम गोल्डरिंग आले. त्या खर्चाची फळं आपण अजून खातो.

म्हणून आपल्या शहराने काय मागावं, तेही बोलायला हवं. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या साहसी पर्यटनासाठी मार्गदर्शक सूचना २०१८ पासून आहेत, पण सूचना म्हणजे कायदा नव्हे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण काढलं, त्यात नोंदणी सक्तीची केली. होड्यांसाठी २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे, त्यात नोंदणी आणि तपासणी आहे. हे कागदावर राहू नये. चैत्रात उत्तरवाहिनी नर्मदेची परिक्रमा करायला मराठी माणसं हजारोंनी येतात, रामपुरा-तिलकवाड्याच्या बाजूला होडीने नदी ओलांडतात, गरुडेश्वरला टेंबे स्वामींच्या समाधीवर माथा टेकतात. त्या प्रत्येक घाटावर होडीची क्षमता, शेवटच्या तपासणीची तारीख आणि लाइफ जॅकेटशिवाय बसू न देण्याचा नियम मोठ्या अक्षरांत लावायला काहीच अवघड नाही. हरणीनंतर तरी हे व्हायला हवं होतं. परिक्रमेला जाणाऱ्या मंडळांनीही गर्दीच्या होडीत बसायला नकार द्यावा, मग दुसऱ्या फेरीला एक तास थांबावं लागलं तरी.

आणि चांपानेरसाठी एक सोपी गोष्ट आहे. तिथलं उत्खनन १९६९ ते १९७५ या काळात आपल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाने, रमणलाल मेहतांच्या नेतृत्वाखाली केलं. म्हणजे ते शहर वाचता येणारी माणसं याच गावात तयार होतात आणि शिकून बाहेर जातात. त्या विभागाच्या विद्यार्थ्यांना प्रशिक्षण देऊन, ओळखपत्र देऊन, तासाचा दर ठरवून शनिवार-रविवार जामी मशिदीच्या दारात उभं केलं, गुजराती, मराठी आणि हिंदीत बोलणारे, तर पावागडहून उतरणाऱ्या शंभरातल्या दहा कुटुंबांनी जरी त्यांना बरोबर घेतलं तरी तेवढी कमाई त्यांच्या शिक्षणाच्या फीला पुरेल. तो दर किती असावा यावर वाद होऊ शकतो. माझ्या मते चार माणसांच्या कुटुंबाला रोप वेच्या तिकिटांना जेवढे पडतात, त्याहून एक रुपयाही कमी नसावा.